जपान सरकारचं 'जीजीपी' अनुदान: महाराष्ट्र-गोव्यातल्या संस्थांचे अर्ज कुठे अडकतात

जपानचं परराष्ट्र मंत्रालय १९८९ पासून विकसनशील देशांतल्या छोट्या, स्थानिक कामांना थेट अनुदान देतं. योजनेचं नाव लांबलचक आहे, ग्रासरूट्स मानवी सुरक्षा प्रकल्प अनुदान. संस्थांमध्ये सगळे जीजीपीच म्हणतात. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्यं मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे येतात, त्यामुळे अर्ज तिथेच करायचा. शाळेच्या खोल्या, मुलींची स्वच्छतागृहं, रुग्णवाहिका, फिरता दवाखाना, दवाखान्यातली यंत्रं, पिण्याच्या पाण्याची सोय, महिलांसाठी प्रशिक्षण केंद्र, अशी डोळ्यांना दिसणारी आणि लोकांना थेट उपयोगी पडणारी कामं यात बसतात. अर्जाला फी नाही. अर्ज इंग्रजीत भरायचा आणि सोबतच्या मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडायचं.

चांगलं काम असलेल्या संस्थाही इथे नाकारल्या जातात. बहुतेक वेळा कारण प्रकल्पात नसतं, कागदांत असतं. म्हणून अर्जाच्या फॉर्मला हात लावण्याआधी पुढचं वाचून घ्या.

आधी रक्कम. कमाल मर्यादा बरीच वर्षं साधारणपणे १ कोटी येन राहिली आहे. येन, रुपये नव्हेत. अलीकडच्या दरांनी ही रक्कम ५५ ते ६० लाख रुपयांच्या आसपास पडते. '१ कोटी मिळतात' हे ऐकून ९५ लाखांचं अंदाजपत्रक जोडणाऱ्या संस्था दरवर्षी असतात. उरलेले पैसे कुठून येणार याचा पुरावा नसेल तर अर्ज तिथेच संपतो.

पात्रतेचं एका ओळीत सांगता येईल: नोंदणीकृत, ना-नफा तत्त्वावरची आणि प्रत्यक्ष काम केलेली संस्था हवी. न्यास, सोसायटी, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी, शाळा, रुग्णालयं, स्थानिक स्वराज्य संस्था चालतात. व्यक्ती, बचत गट, नोंदणी नसलेलं मंडळ किंवा शाळा व्यवस्थापन समिती चालत नाही. धर्मप्रसार, राजकारण आणि नफ्याचा व्यवसाय यांना पैसे मिळत नाहीत.

एफसीआरए: सगळ्यात मोठी अडचण

परदेशी सरकारचा पैसा म्हणजे कायद्याने परदेशी योगदान. देणारं सरकार मित्रदेशाचं असलं तरी स्वयंसेवी संस्थेला परदेशी योगदान (विनियमन) कायदा, २०१०, म्हणजेच एफसीआरए, लागू होतो. केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए नोंदणी नसेल तर दूतावासाला मनात असूनही पैसे देता येत नाहीत. आयकर सवलतीसाठीची १२ए, ८०जी नोंदणी किंवा कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीची (सीएसआर) नोंदणी यांचा याच्याशी काही संबंध नाही. 'आमच्याकडे ८०जी आहे' या एका वाक्यावर संस्थांचे महिनोन् महिने गेले आहेत.

नव्याने नोंदणी करायची तर एफसी-३ए फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी संस्थेला किमान ३ वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत मिळून मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. गाडी अडते ती 'मूळ कामावर' या शब्दांपाशी. कार्यालयाचं भाडं, लेखापालाचा पगार, प्रवास असा प्रशासकीय खर्च वजा करून १५ लाख भरले पाहिजेत. ताळेबंदात एकूण खर्च १७ लाख दिसतो, त्यातले ४ लाख प्रशासकीय निघतात आणि अर्ज परत येतो. सनदी लेखापालांना सांगून खर्चाची ही विभागणी दरवर्षीच्या हिशेबात नीट करून घ्या. तीन वर्षांनी मागे जाऊन ती दुरुस्त करता येत नाही.

नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदीचा) क्रमांक, सर्व पदाधिकाऱ्यांचं आधार आणि प्रत्येकाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागतं. विश्वस्तांपैकी एक जण मुलाकडे अमेरिकेत गेलेला आणि परत कधी येणार माहीत नाही, अशी स्थिती असेल तर नोटरीसाठी तो येईपर्यंत थांबावं लागतं. हे आधीच विचारून ठेवा. अर्ज गेल्यावर स्थानिक चौकशीही होते.

३ वर्षं किंवा १५ लाख भरत नसतील तर एफसी-३बी, म्हणजे ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी ठरावीक रक्कम घेण्याची पूर्वपरवानगी, हा मार्ग कायद्यात आहे. पण त्याला देणगीदाराचं रकमेसह वचनपत्र लागतं आणि दूतावासाच्या छाननीत आधीच नोंदणी असलेली संस्था पुढे जाते. पूर्वपरवानगीच्या भरवशावर अर्ज करायचा विचार असेल तर आधी दूतावासाशी स्पष्ट बोला.

आता सगळ्यात सर्रास निघणारी पळवाट. 'आमच्याकडे एफसीआरए नाही, पण तालुक्यातल्या मोठ्या संस्थेकडे आहे; पैसे त्यांच्या खात्यात घेऊ आणि ते आम्हाला देतील.' असं करू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी योगदान दुसऱ्या कोणत्याही संस्थेला हस्तांतरित करायला पूर्ण बंदी आहे, त्या दुसऱ्या संस्थेकडे नोंदणी असली तरी. मदत करायला निघालेल्या मोठ्या संस्थेची नोंदणीच यात धोक्यात येते. ती संस्था स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिशेबात, स्वतःच्या जबाबदारीवर तुमच्या गावात काम करू शकते. तेवढाच मार्ग आहे.

नोंदणी असलेल्यांनीही गाफील राहू नये. नोंदणी ५ वर्षांची असते. नूतनीकरणाचा एफसी-३सी अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६ महिन्यांत करायचा, असं कायदा म्हणतो. अनेक जण याचा अर्थ 'शेवटच्या दिवसापर्यंत चालेल' असा घेतात. गृह मंत्रालयाने २०२५ मधल्या सूचनेत मुदतीच्या किमान ४ महिने आधी अर्ज करायला सांगितलं आहे. थोडक्यात, तुमच्या हातात जेमतेम २ महिने असतात. मुदत संपली आणि नूतनीकरण हातात नसेल, तर त्या दिवसापासून परदेशी पैसा घेताही येत नाही आणि खात्यात असलेला वापरताही येत नाही. अर्धवट बांधलेल्या खोलीचं पुढचं बिल थांबतं, ठेकेदार दारात उभा राहतो आणि दूतावासाला द्यायला उत्तर नसतं. तुमच्या प्रमाणपत्रावरची तारीख प्रकल्पाच्या मधोमध येत असेल तर ते अर्जातच लिहा आणि नूतनीकरणाची तयारी दाखवा.

पैसा फक्त एसबीआयच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या, संसद मार्गावरच्या एफसीआरए खात्यात येऊ शकतो. दिल्लीला जायची गरज नाही, जवळच्या एसबीआय शाखेतून कागद पाठवता येतात. तिथून पैसा तुमच्या गावच्या बँकेतल्या वापर खात्यात, म्हणजे प्रत्यक्ष खर्चासाठीच्या खात्यात, आणायचा. त्या खात्यात स्थानिक देणगीचा एक रुपयाही टाकू नका. वार्षिक विवरण एफसी-४ आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, भरायचं असतं. वर्षभरात परदेशी पैसा आला नसेल तरी 'निरंक' विवरण भरावंच लागतं. 'काही आलंच नाही तर काय भरायचं' या समजुतीने किती नोंदण्या अडचणीत आल्या, हे पाहून वाईट वाटतं.

धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट

महाराष्ट्रातल्या न्यासांचं हे खास दुखणं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, दाखल करायचा. संस्था तो दाखल करते, तारखा पडत राहतात, आणि परिशिष्ट-१ च्या (न्यासाच्या नोंदणीच्या) उताऱ्यावर वर्षानुवर्षं जुनीच नावं राहतात, कधी कधी दिवंगत विश्वस्तांची सुद्धा. अर्जावर सही नव्या अध्यक्षांची, उताऱ्यावर नाव जुन्या अध्यक्षांचं, एफसीआरएच्या नोंदीत तिसरंच. तपासणाऱ्याला ही तीन नावं तीन वेगळ्या संस्थांसारखी दिसतात. या विलंबाचा भुर्दंड संस्थांनी भरावा हे अन्यायाचं आहे, पण भरावा लागतो.

यावर करण्यासारखं आहे ते असं. प्रलंबित चेंज रिपोर्टची शिक्का असलेली पोच, अर्ज क्रमांक, सभेची नोटीस आणि ठराव यांचा एकत्र संच करा. सुनावणी लवकर घ्यावी असा लेखी अर्ज देऊन त्याचीही पोच ठेवा. पदाधिकारी बदलल्याची माहिती एफसी-६ई फॉर्मवर ४५ दिवसांत गृह मंत्रालयाला द्या. प्रत्येक नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारप्रमाणे सगळीकडे एकच ठेवा. 'कुलकर्णी'चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असलं तरी विचारणा येते.

जागा कोणाच्या नावावर?

बांधकाम असेल तर जागा संस्थेच्या नावावर हवी, नाहीतर नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हवा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढलं की बहुतेक ठिकाणी संस्थापकांचं वैयक्तिक नाव निघतं. 'त्यांनी संस्थेलाच दिलेली आहे' हे तोंडी सांगणं चालत नाही, शंभर रुपयांच्या स्टँपवरचं संमतिपत्रही चालत नाही. बक्षीसपत्र करून फेरफार नोंद व्हायला महिने लागतात, तेव्हा सुरुवात इथून करा. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न आणि बांधकाम परवानगी आलीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत खोली बांधायची असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र पुरेसं नाही. जागेची मालकी जिल्हा परिषदेची आहे, तिची लेखी परवानगी हवी आणि पुढची देखभाल कोण करणार हे त्यात लिहिलेलं हवं. गोव्यात जमिनीचा नमुना १ व १४ चा उतारा पाहा. त्यावर कोमुनिदादचं, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं, नाव असेल तर घाई करू नका, परवानगी मिळेपर्यंत बांधकामाऐवजी उपकरणांचा प्रस्ताव द्या.

तीन कोटेशनं

प्रत्येक बाबीसाठी एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन पुरवठादारांची दरपत्रकं लागतात. नाकारली जाणारी दरपत्रकं ओळखू येतात: तिन्हींची भाषा एक, फॉन्ट एक, तारीख एक आणि बेरजेतली चूकही एकच. एकाच दुकानदाराने तिन्ही आणून दिलेली असतात. ते करू नका, पुढे संस्थेची सचोटीच संशयात येते.

प्रामाणिक दरपत्रकांत वेगळा घोळ होतो, मागणीच सारखी नसते. फिरत्या दवाखान्याचं उदाहरण घ्या. पहिला विक्रेता नुसत्या गाडीची किंमत देतो. दुसरा गाडी, आतलं फॅब्रिकेशन, तपासणी टेबल आणि वॉश बेसिन धरून देतो. तिसरा त्यात नोंदणी, विमा आणि पहिली सर्व्हिसिंगही घालतो. आकडे १४, २३ आणि २५ लाख असे आले की तुलना होणार कशी? आधी स्वतः एक पानाचं तपशीलपत्र तयार करा: गाडीची लांबी, आसनं, आतल्या वस्तू, वायरिंग, जीएसटी वेगळा दाखवा, दर किती दिवस वैध. तेच पान तिघांना द्या. बांधकामासाठी अभियंत्याकडून बांधकाम खात्याच्या दरसूचीवर आधारित अंदाजपत्रक करून घ्या आणि त्याच परिमाणांवर तीन ठेकेदारांचे दर मागा. छाननीला वेळ लागतो, तोवर दर वाढलेले असतात. मंजुरी जवळ आली की नवी दरपत्रकं मागितली जातील हे गृहीत धरा.

जे मिळत नाही

पगार, मानधन, इंधन, वीजबिल, औषधं, स्टेशनरी, संस्थेचा कार्यालयीन खर्च यांसाठी पैसे नाहीत. करार होण्याआधी केलेला खर्चही परत मिळत नाही. 'मंजूर होणारच आहे' म्हणून पाया खणू नका. म्हणूनच दूतावासाचा खरा प्रश्न असतो की गाडी दिली, तर ड्रायव्हर आणि डिझेलचं काय? याचं उत्तर मागच्या २-३ वर्षांच्या लेखापरीक्षित ताळेबंदात दिसलं पाहिजे. वर्षाचं उत्पन्न ६ लाख असलेल्या संस्थेने डॉक्टर, नर्स आणि ड्रायव्हर असलेला दवाखाना चालवू म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. महिन्याला किती खर्च, तो कोण देणार, देणाऱ्याचं पत्र, एवढं एका तक्त्यात मांडा. छोटी संस्था असाल तर छोटी मागणी करा. एका रुग्णालयासाठी दोन यंत्रं हा उत्तम अर्ज असतो.

आणखी एक. 'जपानी अनुदान मंजूर करून देतो, १० टक्के द्या' म्हणणारे लोक फिरतात. त्यांच्या फीला अंदाजपत्रकात जागा नाही आणि त्यांच्या शब्दाला दूतावासात किंमत नाही. मदत हवी तर लेखापालाची घ्या.

वेळ आणि नंतरचं काम

जपानचं आर्थिक वर्षही एप्रिल ते मार्च आहे. मुंबईची छाननी, प्रश्नोत्तरं, जागेवर भेट आणि टोकियोची मंजुरी यात बरेच महिने जातात. जुलैत अर्ज करून पुढच्या जूनमध्ये नव्या खोलीत शाळा भरवायचं आश्वासन पालकांना देऊ नका. जागाभेटीच्या दिवशी फुलं, बँड आणि भाषणांत वेळ घालवण्यापेक्षा जागेचे कागद आणि हिशेबाच्या वह्या टेबलावर ठेवा, आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्या बायका-मुलांना बोलू द्या.

करार झाल्यावर काम साधारण १ वर्षात पुरं करायचं असतं. आराखड्यात बदल करायचा झाला, अगदी पत्र्याऐवजी स्लॅब घालायचा झाला, तरी आधी लेखी परवानगी घ्या. नंतर सांगितलेला बदल मान्य झाला नाही तर ते पैसे परत मागितले जाऊ शकतात. मधला अहवाल, शेवटचा अहवाल, बाहेरच्या लेखापरीक्षकाचा दाखला आणि प्रत्येक बिलाची मूळ प्रत लागते. इमारतीवर किंवा गाडीवर जपानच्या मदतीचं चिन्ह लावायचं असतं. काही वर्षांनी दूतावासाचे लोक वापर पाहायला पुन्हा येतात. त्या वेळी गाडीचं लॉगबुक, दुरुस्तीची बिलं आणि मालमत्ता नोंदवही दाखवावी लागते, म्हणून ती वही पहिल्या दिवसापासून एका ठरावीक माणसाकडे सोपवा आणि तसा ठराव करून ठेवा.