छपराच्या कडेची ती गडद रेघ

वॉटरकलर म्हणजे नशिबाचा खेळ, पाणी जाईल तिकडे रंग जाणार, असं सर्रास ऐकायला मिळतं आणि दर वेळी वाटतं की अहो, पाणी कुठे जाणार याचे नियम तर ठरलेले आहेत!

कोकणातलं साधं कौलारू घर घ्या. कोरड्या कागदावर बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगाचा पातळ वॉश, म्हणजे पाणीदार थर, देऊन छप्पर काढलं आणि वाळू दिलं, की मधे फिकट आणि कडेला बारीक गडद रेघ, जी आपण काढलेलीच नसते. ओट्यावर चहाचा थेंब वाळला की जी कडा उरते ना, तीच ही. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये याचं कारण मांडलं. थेंबाची कड खरखरीत पृष्ठभागात अडकून बसते, मागे सरकत नाही. कडेच्या रेणूंना वर आणि बाजूला, दोन्हीकडे निसटायला मोकळी हवा, म्हणून बाष्पीभवन तिथे जास्त. आता कड हलत नाही आणि पाणी तर उडतंय, मग ती तूट भरायला मधलं पाणी सतत कडेकडे वाहतं, येताना रंगाचे कण आणतं, पाणी उडून जातं आणि कण तिथेच साठतात. म्हणजे आपल्याला स्थिर दिसणारा वॉश वाळेपर्यंत आतून वाहत असतो, केवढी सुंदर गोष्ट आहे ही! पावसाळ्यात भिंतीवर ओलीचे गडद कडेचे डाग पडतात आणि त्यात कुणाला देवाचा आकार दिसतो, तिथेही पाणी क्षार मागे ठेवून उडून गेलेलं असतं, चमत्कार वगैरे काही नाही.

घरामागची झाडी आपण ओल्या कागदावर सोडतो, तिथे अडकायला कडच नाही, म्हणून रंग धुक्यासारखा पसरतो. खरी गंमत मधल्या अवस्थेत, कागदाची चकाकी गेलीय पण हाताला अजून गार लागतोय. तंतूंमधल्या पोकळ्या अर्धवट रिकाम्या असतात, तेव्हा जास्त पाण्याचा ब्रश टेकवला की केशाकर्षणाने ते पाणी आजूबाजूला ओढलं जातं, न चिकटलेले कण पुढे ढकलतं आणि थांबतं तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कडा उमटते. बरेच जण याला चूक म्हणतात, मी आंब्याची पालवी म्हणून ठेवतो.

पडवीच्या सावलीला अल्ट्रामरीन हा निळा रंग, त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून चिऱ्यासारखा दाणेदार पोत देतात.

जुलैच्या दमट हवेत वॉश लवकर वाळत नाही, म्हणून मी आभाळ आणि झाडी निवांत ओल्यातच करतो आणि छप्पर सगळ्यात शेवटी, पंखा लावून.