रेकॉर्ड प्रोड्यूसर (रॉक संगीत)

रॉक अल्बमच्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे ज्याच्या हाती असतात ती व्यक्ती. चित्रपटाचा निर्माता पैसा उभा करतो. रेकॉर्डच्या प्रोड्यूसरचे काम दिग्दर्शकाच्या कामाशी अधिक जुळते. कोणते गाणे घ्यायचे, त्याची लय आणि पट्टी कोणती, कुठले कडवे कापायचे, बाहेरचा कोणता वादक बोलवायचा आणि पुन्हापुन्हा वाजवून झाल्यावर कोणता टेक ठेवायचा, हे तो ठरवतो किंवा बँडला ठरवायला लावतो. १९६० आणि १९७० च्या दशकांतील ब्रिटिश व अमेरिकन अल्बममधल्या ज्या जागांवर श्रोते आजही थबकतात, त्यांपैकी कित्येक या माणसाला सुचलेल्या आहेत. कव्हरवर मात्र फोटो बँडचा असतो, आणि याचे नाव मागच्या बाजूला बारीक टाइपात.

सुरुवातीला हे काम रेकॉर्ड कंपनीचा पगारी नोकर करी. जॉर्ज मार्टिन (१९२६–२०१६) हा असाच ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचा नोकर. लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकलेला, ओबो हे सनईसारखे वाद्य वाजवणारा. १९५५ पासून पार्लोफोन या कंपनीच्या दुय्यम समजल्या जाणाऱ्या लेबलची (ज्या नावाने रेकॉर्ड निघत त्या छापाची) जबाबदारी त्याच्याकडे होती आणि पीटर सेलर्ससारख्या विनोदी नटांच्या रेकॉर्डवर त्याचे नाव झाले होते. हा विनोदी रेकॉर्डचा अनुभव पुढे फार कामी आला. टेप उलटी फिरवणे, तिचा वेग बदलणे, तुकडे जोडणे हे खेळ मार्टिनच्या हातात बीटल्स भेटण्याआधीच बसले होते.

१९६२ मध्ये बीटल्सनी ‘प्लीज प्लीज मी’ हे गाणे संथ लयीत ऐकवले, तेव्हा ते जलद करा असे मार्टिनने सांगितले. १९६५ च्या ‘येस्टरडे’साठी तंतुवाद्यांची चौकडी त्यानेच सुचवली. ‘इन माय लाइफ’मधला पियानोचा तुकडा त्याने टेप निम्म्या वेगाने चालवून स्वतः वाजवला, मूळ वेगाने ऐकताना तो हार्पसिकॉर्ड या पियानोपूर्वीच्या वाद्यासारखा लागतो. पण त्याच्या कामाचा खरा अंदाज ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’वरून येतो. १९६६ च्या अखेरीस या गाण्याची दोन रूपे तयार झाली होती. एक बँडने वाजवलेले, हलके. दुसरे मार्टिनने ४ ट्रम्पेट आणि ३ चेलो घालून सजवलेले, जड. बीटल्सपैकी जॉन लेननला पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट, म्हणून दोन्ही जोडून टाका असे त्याने सांगितले. दोहोंची लय वेगळी, पट्टीही वेगळी. टेपचा वेग कमी केला की लय आणि सूर दोन्ही एकदम उतरतात. दुसरे रूप जलदही होते आणि चढ्या पट्टीतही. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ते खाली ओढले, पहिले किंचित चढवले आणि सुमारे एक मिनिटाच्या ठिकाणी कात्री लावली. सांधा ठाऊक असेल तरच कान तिथे जातो. लेननच्या आवाजातली ती झोपाळू, जड छटा काही अंशी या उतरवलेल्या टेपची आहे.

एवढे करून मार्टिनला मिळत होता पगार. १९६३ मध्ये त्याने केलेल्या रेकॉर्ड ब्रिटनमध्ये एकूण ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होत्या, पण विक्रीतला वाटा त्याच्या करारातच नव्हता. १९६५ मध्ये तो काही सहकाऱ्यांसह ईएमआयमधून बाहेर पडला आणि त्यांनी ‘एअर’ ही स्वतंत्र कंपनी काढली. स्वतंत्र प्रोड्यूसर तेव्हाही होते, पण इतक्या यशस्वी माणसाने नोकरी सोडल्यावर विक्रीतले टक्के, धंद्याच्या भाषेत ‘पॉइंट’, मागणे इतरांनाही सोपे गेले.

रोलिंग स्टोन्सची गोष्ट वेगळी आहे. १९६७ मध्ये त्यांनी स्वतःच प्रोड्यूस केलेला अल्बम विस्कळीत निघाला. त्यानंतर न्यूयॉर्कचा जिमी मिलर आला आणि १९६८ च्या ‘बेगर्स बँक्वेट’पासून १९७३ च्या ‘गोट्स हेड सूप’पर्यंत पाच स्टुडिओ अल्बम त्याच्या देखरेखीखाली झाले. स्टोन्सच्या चाहत्यांना बँडचा सर्वोत्तम काळ विचारला तर बहुतेक जण हीच वर्षे सांगतील. मिलरचे नाव त्यांतल्या थोड्यांनाच आठवेल. तो मुळात ड्रमर, आणि त्याचा कान ठेक्यावर असे. ‘हाँकी टाँक विमेन’च्या आरंभीची काउबेल (काठीने वाजवायची धातूची घंटा) त्याच्या हातची आहे. ‘यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वाँट’चा ठेका बँडचा ड्रमर चार्ली वॉट्सच्या हातात बसेना तेव्हा ड्रमवरही मिलरच बसला.

टॉम डाउड तारुण्यात कोलंबिया विद्यापीठात अणुबाँब प्रकल्पाच्या कामावर होता, मग अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रक आणि पुढे प्रोड्यूसर झाला. ‘लैला’ (१९७०) अल्बममध्ये एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांच्या गिटारी एकमेकींशी बोलतात, त्याचे कारण साधे आहे: डाउड त्याच सुमारास मायामीत ऑलमन बंधूंचाही अल्बम करत होता, आणि त्याने दोघांची गाठ घालून दिली.

प्रोड्यूसरने गाण्याचा सांगाडाच बदलला याचे ठळक उदाहरण पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’मध्ये (१९७९) सापडते. बँडच्या रॉजर वॉटर्सच्या कल्पनेत पात्रे, प्रसंग, स्मृती सारे होते, पण क्रम धूसर होता. कॅनडाच्या बॉब एझ्रिनने त्याची चाळीसेक पानांची संहिता लिहून काढली आणि गाणी त्या क्रमात बसवली. ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग तेव्हा एक कडवे आणि एक ध्रुवपद एवढाच होता. एझ्रिनने डिस्कोचा ठेका सुचवला, तोही डिस्कोशी काही देणेघेणे नसलेल्या बँडला. एवढ्याशा गाण्याची सिंगल (एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड) होणार नाही म्हणून त्याने कडवे आणि ध्रुवपद टेपवर दुप्पट केले आणि दुसऱ्या फेरीत शाळेतली मुले गायला घातली. अॅलिस कूपरच्या ‘स्कूल्स आउट’मध्ये (१९७२) मुलांचे आवाज त्याने आधीच वापरले होते. लंडनमध्ये बँडच्या स्टुडिओजवळच्या इझलिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचे ध्वनिमुद्रण झाले आणि टेप लॉस एंजेलिसला गेली. पिंक फ्लॉइडची ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली एकमेव सिंगल ती हीच.

काहींचे काम निव्वळ जागेशी आणि मायक्रोफोनशी खेळण्याचे असे. डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’साठी (१९७७) टोनी व्हिस्कॉन्टीने बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत तीन मायक्रोफोन मांडले: एक तोंडाशी, दुसरा सुमारे ६ मीटरवर, तिसरा १५ मीटरवर. दूरचे दोन मायक्रोफोन आवाज पुरेसा चढल्याशिवाय उघडतच नसत, त्यामुळे शेवटच्या कडव्यांत बोवी ओरडू लागतो तसा हॉल त्याच्याभोवती पसरतो. गंमत अशी की बोवीच्या या काळातल्या अल्बमचा प्रोड्यूसर म्हणून आजही अनेकदा ब्रायन ईनोचे नाव घेतले जाते. ईनो सहकारी होता. प्रोड्यूसर बोवी आणि व्हिस्कॉन्टी.

ही उपेक्षा केवळ बारीक टाइपामुळे झाली नाही. रॉकमध्ये स्वतः लिहिलेले, स्वतः वाजवलेले तेच खरे, असा आग्रह होता, आणि समीक्षकांनीही गाण्याचा अर्थ गायकाच्या आयुष्यात शोधला. त्यात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती. लेड झेपेलिन या बँडमध्ये जिमी पेज स्वतःच प्रोड्यूसर होता, तरी त्याची ख्याती गिटारवादक हीच. प्रोड्यूसरची चर्चा झाली ती भांडणापायी: ‘लेट इट बी’मध्ये (१९७०) फिल स्पेक्टरने बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीच्या गाण्यावर वाद्यवृंद आणि स्त्रियांचा कोरस चढवला, तो मॅकार्टनीला कायम खटकत राहिला आणि २००३ मध्ये अल्बम त्याशिवाय पुन्हा निघाला.

श्रेय उलट दिशेनेही चुकते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून ‘द इनर लाइट’चे संगीत वाजवून घेतले. रेकॉर्डवर प्रोड्यूसर म्हणून नाव छापले गेले जॉर्ज मार्टिनचे, जो त्या ध्वनिमुद्रणाला मुंबईत नव्हता.

ग्रॅमी पुरस्कारांत शास्त्रीय संगीताबाहेरच्या प्रोड्यूसरसाठी वर्षाचा सन्मान पहिल्यांदा १९७५ मध्ये दिला गेला. तो मिळाला फिलाडेल्फियाच्या सोल संगीतातल्या थॉम बेलला. बीटल्स फुटून तोवर पाच वर्षे होत आली होती.