पाठीच्या कण्यातलं प्रेशर: मॉनिटरवर नसलेला आकडा

ट्रॅक्टर उलटून किंवा मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकी घसरून मानेचा मणका मोडलेला पेशंट नाशिकच्या एखाद्या आयसीयूत आला, की घरच्यांची नजर मॉनिटरवर खिळते. ‘प्रेशर नॉर्मल आहे ना?’ दिंडोरीकडच्या एका काकांनी सिस्टरला विचारलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. स्क्रीनवर ११८/७६ होतं आणि खाली कंसात बारीक ९०. हा कंसातला आकडा म्हणजे सरासरी रक्तदाब. त्यातून खुद्द मज्जारज्जूवरचा दाब वजा केला की उरतो तो रक्त आत ढकलणारा जोर. वजाबाकी सोपी आहे, पण वजा करायचा आकडाच समोर नसतो.

सूज मज्जारज्जूला आतून मारते, हा संशय जुना आहे. अमेरिकेतल्या आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांनी १९११ मध्ये कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन टाकून इजा केली. मग मज्जारज्जूला मधोमध चीर देऊन आतलं रक्त आणि पाणी बाहेर काढलं, तर जनावरं जास्त सावरली. हे सूत्र पुढे न्यायला ॲलन राहिले नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ते मारले गेले.

१९१६ मध्ये जर्मनीच्या क्वेकेनश्टेट यांनी एक साधी युक्ती सांगितली होती. कमरेत सुई घालायची आणि मानेच्या शिरा दाबायच्या. सुईतला दाब चढला नाही, तर वर कुठेतरी मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची वाट बुजली आहे. म्हणजे वरचा दाब कमरेत कळेलच असं नाही, हे तेव्हाच माहीत होतं.

डोक्याच्या बाबतीत गाडी पुढे गेली. स्वीडनमध्ये लुंडबर्ग यांनी कवटीतला दाब सलग मोजण्याची पद्धत १९६० मध्ये मांडली. पाठ मात्र मागेच राहिली. मला वाटतं, दोष हाडाचा आहे. मणक्याची मागची कमान काढली की दाब सुटला, असं सगळे धरून चालले. शिवाय १९९० नंतर बरीच वर्षं चर्चा मिथाइलप्रेडनिसोलोन या सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या मोठ्या डोसभोवतीच फिरत राहिली. रक्तदाबाबाबत सल्ला एवढाच होता: सरासरी ८५ ते ९० ठेवा, सात दिवस.

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या मारिओस पापाडोपुलोस यांच्या गटाने थेट जखमेच्या जागी बारीक सेन्सर सरकवला. तारेसारखा हा सेन्सर मज्जारज्जूभोवतीच्या चिवट आवरणाच्या, म्हणजे ड्युराच्या, आत बसतो. मणके फिक्स करतानाच तो घालतात. २०१४ मध्ये १८ पेशंटचे निष्कर्ष आले. हाड काढूनही आतला दाब चढलेलाच! सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी मज्जारज्जू ड्युरात आवळली गेली होती. म्हणून मग ड्युरा उघडून ठिगळ लावून सैल करण्याचा विचार पुढे आला. मानेच्या इजांसाठी त्याची चाचणीही हाती घेतली गेली, डिस्कस नावाची. शंभर वर्षांनी पुन्हा चीरच. फक्त या वेळी मज्जारज्जूला नाही, आवरणाला.

असा सेन्सर अजून जगातल्या मोजक्याच ठिकाणी वापरतात. काकांच्या पुतण्यालाही तो नव्हता. त्याच्यासाठी रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा पंप चालू होता. काका ११८ कडे बघत होते. सिस्टरने कंसातला आकडा ८४ वर उतरलेला पाहिला आणि पंपाचं बटण दोनदा दाबलं.