अमानुल्ला खान: टोपी, बुरखा आणि रिकामा खजिना

१९२९च्या जूनमध्ये मुंबईत एका पदच्युत राजाला मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं इंडिया. बाप अमानुल्ला खान, पाच महिन्यांपूर्वीपर्यंत अफगाणिस्तानचा बादशहा. आई राणी सुरैया. दीड वर्षापूर्वी, डिसेंबर १९२७मध्ये, हेच जोडपं युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा ते याच मुंबईतून बोटीत बसलं होतं. यावेळी बोट इटलीची होती आणि परतीचं तिकीट नव्हतं.

अमानुल्ला का पडला, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: राणीचा बुरखा काढला, लोकांना विलायती टोप्या घालायला लावल्या, मुल्ला चिडले. खोटं नाही, पण अर्धंच आहे.

त्याचे आजोबा अब्दुर रहमान यांनी टोळ्यांना चेपून देश एकत्र बांधला, तो इंग्रजांच्या बंदुकांवर आणि पैशांवर. १८९३पासून हा तनखा वर्षाला १८ लाख रुपये होता. बदल्यात काबूलचं परराष्ट्र धोरण हिंदुस्थान सरकारच्या हाती. पुढे वडील हबीबुल्ला यांनीही तीच घडी ठेवली. फेब्रुवारी १९१९मध्ये जलालाबादजवळच्या शिकारीच्या तळावर त्यांचा खून झाला आणि तिथे काका नसरुल्लाने स्वतःला अमीर जाहीर केलं. पण राजधानी, खजिना आणि तिथली फौज अमानुल्लाच्या ताब्यात होती. त्याने शिपायांचा पगार वाढवून दिला आणि गादी मिळवली. हा पगार लक्षात ठेवा.

मे महिन्यात त्याने इंग्रजांशी युद्ध पुकारलं. इंग्रजांनी काबूलवर विमानातून बाँब टाकले. दोन्ही बाजू थकल्या आणि ऑगस्टमध्ये रावळपिंडीला तह झाला. परराष्ट्र धोरण स्वतःच्या हाती आलं, सगळ्या मुस्लिम जगात नाव झालं. पण त्याच तहाने तनखा बंद झाला आणि हिंदुस्थानातून शस्त्रं आणण्याची मुभाही गेली. स्वातंत्र्याची किंमत रोकडीत मोजावी लागली, आणि ती कुणाच्या खिशातून काढायची हा प्रश्न पुढची दहा वर्षं सुटला नाही.

सुधारणांची दिशा सासऱ्यांची. महमूद तर्झी वडिलांबरोबर हद्दपारीत, तुर्की साम्राज्यात वाढलेले. त्यांनी काबूलमध्ये ‘सिराज-उल-अखबार’ हे वर्तमानपत्र चालवलं आणि पुढे परराष्ट्रमंत्री झाले. १९२१मध्ये मुलींची शाळा निघाली, गुलामगिरी कायद्याने बंद झाली, १९२३मध्ये राज्यघटना आली. फ्रेंच आणि जर्मन शिक्षकांच्या शाळा उघडल्या. काबूलच्या दक्षिणेला दारुल अमान नावाची नवी राजधानी उभी राहू लागली. तिथवर छोटी आगगाडीसुद्धा धावली.

हे सगळं चाललं शेतसाऱ्यावर. पूर्वी धान्यात भरता येणारा सारा आता रोखीत मागू लागले. सैन्यभरतीची पद्धतही बदलली. आधी दर आठ पुरुषांमागे एक जण टोळीच निवडून द्यायची. आता सरकार चिठ्ठ्या टाकून नावं काढू लागलं. कुणाचा मुलगा जायचा हे टोळीप्रमुखाच्या हातून गेलं. १९२४मध्ये खोस्तमध्ये लंगड्या मुल्लाच्या पुढारीपणाखाली बंड झालं, तेव्हाच धोक्याची घंटा वाजली होती. वर्षाच्या आसपास झुंजून ते मोडलं, काही कायदे मागे घ्यावे लागले. फौज मात्र तशीच राहिली: तुटपुंज्या पगाराची, कारण तो मधल्या काळात कापला होता.

जुलै १९२८मध्ये राजा परतला तो तुर्कस्तान, इराण बघून, भारावलेला. तुर्कस्तानात केमाल पाशाने जे केलं ते आपणही करू. पण केमालच्या मागे युद्ध जिंकलेली फौज होती, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं, किंवा आलं तरी धीर नव्हता. काबूलजवळच्या पगमानला भरलेल्या लोया जिरग्यात, म्हणजे देशभरच्या प्रतिनिधींच्या महासभेत, खेड्यापाड्यांतून आलेल्या दाढीवाल्या प्रतिनिधींना काळा कोट, पँट आणि हॅट घालून बसवलं. शुक्रवारची सुट्टी गुरुवारवर नेली. सुरैयाने चेहऱ्यावरचा पडदा काढला. रागाला कारणं आधीच होती. आता त्याला निशाण मिळालं.

नोव्हेंबरमध्ये पूर्वेकडे शिनवारी टोळीवाले उठले. फौज तिकडे गुंतली असताना उत्तरेकडून हबीबुल्ला कलाकानी हा बंडखोर काबूलवर चालून आला. लोक त्याला बच्चा-ए-सक्काव म्हणत, म्हणजे भिश्त्याचा पोर. ज्या शिपायांच्या पगारवाढीवर गादी मिळाली होती, त्यांच्यातलेच पुष्कळ जण आता लढायला तयार नव्हते. १४ जानेवारी १९२९ला अमानुल्लाने गादी सोडली. थोरला भाऊ इनायतुल्ला तीन दिवस राजा होता. त्याला इंग्रजांच्या विमानाने पेशावरला नेलं. कंदाहारहून परत चढाई करण्याचा प्रयत्न गझनीपाशी फसला आणि मे महिन्यात राजा चमनमार्गे हिंदुस्थानात उतरला.

काबूलची गादी बळकावलेला कलाकानीही नऊ महिनेच टिकला. नंतर गादीवर आलेल्या नादिर खानने मुल्लांशी जमवून घेतलं आणि मुलींच्या शाळा बंदच ठेवल्या. काबूलच्या सरकारी सोहळ्यात मंत्र्यांच्या बायका उघड्या चेहऱ्याने बसल्या ते थेट १९५९मध्ये, पंतप्रधान दाऊद खानच्या काळात. तोवर दाऊदने रशियन मदतीने फौज उभारली होती; कंदाहारात दंगल उसळली ती त्याच फौजेने मोडली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६०मध्ये, अमानुल्ला झुरिकमध्ये वारला. दफनासाठी त्याला जलालाबादला आणलं, वडिलांच्या शेजारी.