फिरत्या मानेचा जुना कॅमेरा : आधी वावरात नेऊन पाहा, मग घ्या

काचेच्या कपाटातला तो मधोमध कापून पुन्हा जोडल्यासारखा कॅमेरा विकायचा आहे का, असं बरेच जण विचारतात. विकायचाच आहे. पण नुसतं सांगून त्याची गंमत कळत नाही, म्हणून तीन दिवस वापरायला देतो.

हा निकॉनचा कूलपिक्स 990, सन 2000 मधला. 3.34 मेगापिक्सेल. मोबाइलपुढे हा आकडा किरकोळ आहे. 5 बाय 7 इंचाची प्रिंट चांगली निघते, वाढदिवसाचा बॅनर याच्यावर करायला जाऊ नका. खुबी त्याच्या मानेत आहे. एका अर्ध्यात लेन्स, दुसऱ्या अर्ध्यात पडदा, आणि लेन्सचा अर्धा भाग वरखाली फिरतो.

कास्तकार भावांना याचा उपयोग लगेच ध्यानात येईल. पऱ्हाटीवरचे (कपाशीवरचे) तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या अंगाला बसतात. मोबाइलने फोटो घ्यायचा तर चिखलात लोळा, नाहीतर पान उलटवा. पान हललं की माशी उडाली. इथं उकिडवं बसायचं, कॅमेरा पानाखाली धरून लेन्स वर वळवायची. पडदा तुमच्याकडेच राहतो.

फुलाचं चिन्ह लावून थोडा झूम करा. चिन्ह पिवळं झालं की लेन्सपासून 2 सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट येते. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं कपाशीचं फूल) उकलून आतली गुलाबी बोंडअळी टिपता येते. आम्ही सोयाबीनच्या देठावर चक्रीभुंग्याने पाडलेल्या दोन गोल खाचा टिपल्या, त्यांच्या कडेचा वाळलेला भागही ओळखू आला. मात्र इतक्या जवळ लेन्सचीच सावली पडते आणि फ्लॅश कामाचा नाही. सकाळचा उजेड बाजूने येऊ द्या.

तान्ह्या पोळ्यालाही घेऊन जा. कॅमेरा लाकडी नंदीच्या उंचीवर धरला की पोरांचे चेहरे वरून चेपल्यासारखे येत नाहीत.

आता कटकटी. भर उन्हात पडदा दिसत नाही. वरच्या छोट्या खिडकीतून पाहा, पण जवळचा फोटो तिच्यातून बघून काढला तर निशाणा चुकतो. रात्रीच्या वरातीला हा चालायचा नाही. जागेची नोंद तो करत नाही, तेव्हा पीकविम्याच्या ॲपसाठी मोबाइलच वापरा. चार पेन्सिल सेल लागतात. आठवडी बाजारातले स्वस्त सेल आम्ही घालून पाहिले, वीसेक फोटोंत संपले. चार्जिंगचे निकेलवाले सेल घ्या. कार्ड जुन्या पद्धतीचं, जाड चौकोनी असतं. मोबाइलचं त्यात बसत नाही. एक कार्ड आणि रीडर आम्ही सोबत देतो.

उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

नेताना 1,000 रुपये अनामत आणि ओळखपत्राची झेरॉक्स. सेलच्या झाकणाची खिटी जुन्या प्लास्टिकची आहे. नेताना आमच्यासमोर एकदा उघडून-लावून दाखवा, आणताना पुन्हा. खिटी शाबूत असली की पूर्ण अनामत परत. मानेत माती गेली तर फुंकर मारू नका, तसाच आणा, आम्ही ब्रशने काढू. त्याचे पैसे घेत नाही.