चरबी मालकाच्या सांगण्यावरून

धड पेटीसारखं चौकोनी, डोकं एवढंसं, पाय काडीसारखे. वशिंड नसलेला बैल आपल्या डोळ्याला तसाही अपुराच वाटतो, त्यात हा आकार! इंग्लंडमधली 1800च्या आसपासची जातिवंत जनावरांची चित्रं पाहून चित्रकाराचा हात कच्चा असावा असं वाटतं. काहींचा होताही. पण पुष्कळदा चित्रात मालकच जास्त दिसतो.

मुळात ही गोष्ट गोठ्यातली. लेस्टरशायरमधल्या डिशलीच्या रॉबर्ट बेकवेलने (1725-1795) जवळच्या नात्यातली जनावरं एकमेकांना लावून झटपट अंग धरणारी, चरबीदार मेंढरं पैदा केली आणि मेंढे हंगामापुरते भाड्याने देऊन पैसा केला. चरबीला तेव्हा मान होता. मेणबत्त्याही तिच्याच होत.

त्याच वाटेने गेलेल्या चार्ल्स कॉलिंगकडे, डार्लिंग्टनजवळच्या केटनला, 1796 साली ‘डरहॅम ऑक्स’ नावाचा बैल जन्मला. 1801च्या मे महिन्यात जॉन डे याने तो 250 पौंडांना घेतला. जुलैत 2000 पौंड देणारा गिऱ्हाईक आला, तरी डे बधला नाही. खास बनवलेल्या गाडीत घालून त्याने तो बैल जवळजवळ सहा वर्षं गावोगाव तिकीट लावून दाखवला. जॉन बोल्टबीच्या चित्रावरून 1802 मध्ये काढलेल्या छापचित्राच्या त्याच वर्षी 2000वर प्रती खपल्या. 1807 मध्ये ऑक्सफर्डला बैलाचा खुबा निखळला आणि शेवटी त्याला कापावं लागलं.

कॉलिंगचाच ‘कॉमेट’ वळू 1810च्या लिलावात 1000 गिनींना (गिनी म्हणजे पौंडाहून थोडी जास्त) गेला. अशा भावात चित्र म्हणजे जाहिरातच. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या थॉमस ब्यूइकने आठवणींत लिहून ठेवलंय: मेंढ्यांच्या अंगावर त्याला न दिसणारे चरबीचे गोळे काढायला सांगितलं, त्याने नकार दिला. इतर चित्रकारांनी काढले.

पुढे 1822 मध्ये शॉर्टहॉर्न, म्हणजे कॉलिंगकडच्या गाई-बैलांच्या जातीची, वंशावळ छापून आली, मग कॅमेरा आला. मालकांच्या भिंतीवरची ही चित्रं पुढे संग्राहकांकडे आणि रीडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयासारख्या ठिकाणी गेली. संग्राहकाने आधी चित्राखालचा मजकूर वाचावा असं मला वाटतं: जनावराचं नाव, वय, वजन, मालक. तिथेही फुगवाफुगवी असेल, पण निदान कोणाची ते कळतं. मूळ चित्र परवडत नसेल, तर इंग्लंडात ‘डरहॅम ऑक्स’ नावाचे पब अजून आहेत. पाटीवरचा बैल फुकट पाहता येतो.