माळवद कोसळल्यानंतरची झोप

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी मराठवाड्यातल्या किल्लारी-सास्तूर परिसरात जमीन हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती, मातीनं जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जी मुलं वाचली, त्यांना पुढे छपराखाली डोळा लागणं अवघड झालं.

मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. धोका दिसला की तो घंटा वाजवतो. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, छाती धडधडते. संकट सरलं की हे शमायला हवं. पण जबर धक्क्यानंतर ही घंटा हळवी होते. जवळून ट्रक गेला, पत्रा वाजला, तरी घणघणते. मग शहाणंसुरतं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, आईचा पदर सोडत नाही, पोट दुखतं म्हणतं. याला कृपा करून नाटकं म्हणू नका. पोट खरंच दुखत असतं.

असं मूल ठोकळ्यांचं घर रचतं, ‘भूकंप आला!’ म्हणून पाडतं, पुन्हा रचतं. मोठ्यांना ते बघवत नाही. तरी खेळू द्यावं, कारण जे बोलता येत नाही ते मूल खेळातून मांडतं. कधीतरी त्या खेळात कुणी वाचवायला धावून आलं, तर ते चांगलं लक्षण. महिना उलटूनही तोच खेळ तशाच कोऱ्या चेहऱ्यानं चालू असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

‘काय पाहिलंस ते सांग’ असं खोदून विचारू नये. आपणहून बोललं, तर हातातलं काम ठेवून ऐकावं.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमधल्या मुलांची देखभाल करताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनाच्या अभ्यासक दोघींना दिसलं, की आई जवळ असलेली मुलं बॉम्बहल्लेही बऱ्यापैकी सोसतात. आईपासूनची ताटातूट त्यांना जास्त लागते. पण ती आईच खचलेली असेल तर? म्हणून मला वाटतं, मुलाला मदत करायची तर आधी तिच्या चुलीकडे बघावं. पाणी भरून द्यावं, तान्हं तासभर घ्यावं, तिला झोपू द्यावं. शाळाही लवकर भरावी, तंबूत का होईना. घंटा, प्रार्थना, डबा हा रोजचा क्रम मुलाला सावरतो.

रात्री ते विचारतंच, ‘पुन्हा येईल का?’ खोटा दिलासा देऊ नये. ‘ते कुणालाच सांगता येत नाही, राजा. पण मी इथंच, तुझ्या शेजारी झोपणार आहे.’